जेसनची मालकीण

मनुष्याच्या हाती विमान आले ते १९०३ साली. त्यानंतरची वीस वर्षे मात्र ते एखाद्या सामान्य गृहस्थाने बाळगावे असे वाहन नव्हते. पहिल्या महायुद्धात हजारो विमाने बांधली गेली, पण ती सारी लष्करासाठी. त्यांची इंजिने अवजड, त्यांना लागणारे पेट्रोल अमाप आणि ती ठेवण्यासाठी लागणारी विमानघरे एखाद्या वाड्याएवढी मोठी. ज्याच्या पदरी यांत्रिकांचा ताफा नाही त्याने विमानाचे नावही काढू नये, अशी त्या काळची स्थिती होती.

ही स्थिती पालटली ती जेफ्री डी हॅव्हिलँड या इंग्रज विमानरचनाकारामुळे. लहान, हलके आणि खासगी माणसाला परवडेल असे विमान बांधावे, असे त्याच्या मनाने घेतले. परंतु अशा विमानाला जोगे इंजिन कोठून आणावे? तेव्हा युद्धातली जुनी आठ सिलिंडरांची इंजिने स्वस्तात मिळत असत. त्यांतल्या एकाचे निम्मे भाग घेऊन चार सिलिंडरांचे छोटे इंजिन तयार करण्यात आले आणि ते जोडलेले विमान १९२५ च्या फेब्रुवारीत लंडनजवळच्या स्टॅग लेन येथील मैदानावरून प्रथम उडाले. डी हॅव्हिलँडला कीटकांचा मोठा नाद होता. त्याने आपल्या विमानाचे नाव ठेवले ‘मॉथ’. मॉथ म्हणजे पतंग; संक्रांतीला मुले उडवतात तो नव्हे, तर दिव्याभोवती घिरट्या घालणारा. पतंग बसला की आपले पंख मागे मिटून घेतो. या विमानाचे पंखही तसेच मागे मिटत. पसरलेले पंख तीस फुटांचे, पण मिटल्यावर सारी रुंदी दहा फुटांच्या आत. मग ते एखाद्या मोठ्या पडवीत ठेवावे, किंवा मोटारीच्या मागे बांधून रस्त्याने ओढून न्यावे!

असे विमान विकत घेणे फार अवघड नव्हते. अवघड होते ते सांभाळणे.

मॉथचा सांगाडा लाकडाचा असे. शरीरावर प्लायवूडच्या पातळ फळ्या आणि पंखांवर लिननचे, म्हणजे जवसाच्या झाडाच्या तंतूंपासून विणलेले, कापड. नुसते कापड वाऱ्याच्या माऱ्यापुढे फडफडेल आणि फाटेल. म्हणून त्याच्यावर डोप नावाचे उग्र वासाचे लुकण लावीत. ते वाळताना कापड आक्रसते आणि ढोलक्याच्या कातड्यासारखे ताठ होते. याच ताठ कापडावर सारा भार पेलला जातो. एकावर एक असे दोन पंख, त्यांच्यामध्ये लाकडी खांब आणि पोलादी तारा, अशी ही रचना. एखादी तार सैल पडली की पंखाचा तोल बिघडला. कापडाला लहानशी चीर पडली तर उडताना वारा तिच्यात शिरून ती वाढवू लागतो. सर्व सामानसुमान वगळले तर या विमानाचे वजन एक हजार पौंडांहूनही कमी भरे; पण त्या हलकेपणाची किंमत म्हणजे मालकाची अहोरात्र दक्षता.

इंजिनाचे प्रकरण याहून नाजूक. मोटारीचे इंजिन बंद पडले तर गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहते आणि मालक खाली उतरून हळहळतो. विमानाला आकाशात उभे राहता येत नाही. एकच इंजिन असलेले विमान अशा वेळी घसरत घसरत खाली येऊ लागते आणि चालकाला काही क्षणांतच उतरण्याजोगे मैदान शोधावे लागते. इंजिन बंद पडण्याची कारणे मात्र पुष्कळदा अगदी क्षुद्र असतात. पेट्रोलमध्ये पाण्याचे चार थेंब आले, गाळणीत कचरा अडकला, ठिणगी देणाऱ्या प्लगवर काजळी साचली, एवढ्यानेही भागते. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्यामुळे ते टाकीच्या तळाशी बसते. म्हणून शहाणा मालक उड्डाणापूर्वी तळाची तोटी उघडून थोडे पेट्रोल बाहेर काढून पाहतो. तेल पाहतो, प्लग पाहतो, सुकाणूच्या तारा ओढून पाहतो, चाकांतली हवा पाहतो, आणि पुढच्या फिरत्या पंख्याच्या कडेवरून बोट फिरवून तिला कोठे खाच पडली आहे की काय ते पाहतो. कालच सारे पाहिले होते, असे म्हणून चालत नाही.

हे सारे स्वतःच्या हाताने करण्याचा हट्ट धरणारी एक तरुणी त्याच स्टॅग लेनच्या मैदानावर १९२८ साली उड्डाण शिकण्यासाठी आली. तिचे नाव ॲमी जॉन्सन.

ॲमीचा जन्म १ जुलै १९०३ रोजी इंग्लंडमधील हल या बंदराच्या गावी झाला. तिचे वडील मासळीचे व्यापारी होते. शेफील्डच्या विद्यापीठाची पदवी घेऊन ती लंडनला आली आणि एका वकिलाच्या कचेरीत टंकलेखनाचे काम करू लागली. कामातून वाचवलेल्या पैशांवर तिने विमान चालवण्याचे शिक्षण सुरू केले. पण विमान चालवता येणे एवढ्यावर तिचे समाधान होईना. हे यंत्र चालते कसे, ते बिघडते का आणि बिघडल्यावर दुरुस्त कसे करावे, हे तिला जाणून घ्यायचे होते. क्लबाच्या विमानघरात जाऊन ती मुख्य यांत्रिकाला विनवू लागली. तेथील पुरुष यांत्रिकांना हे नवल वाटले असल्यास त्यात आश्चर्य नाही. त्या काळी स्त्रीने हातात पाना घेणे ही गोष्ट त्यांनी कधी पाहिली नव्हती. तिने मात्र अंगात मळकट डगला चढवला, तेलात हात बुडवले आणि इंजिनाचा एकेक भाग सुटा करून पुन्हा जोडण्यास ती शिकली. विमानघरातील मंडळी तिला ‘जॉनी’ म्हणू लागली, तेव्हा ती त्यांच्यातलीच एक झाली होती.

या अभ्यासासाठी तिने अखेर कचेरीतील नोकरीही सोडली. १९२९ च्या जुलैत तिला विमानचालनाचा परवाना मिळाला. आणि त्याच वर्षअखेर विमान दुरुस्तीच्या यांत्रिकाचा परवाना मिळवणारी ती ब्रिटनमधील पहिली स्त्री ठरली. या दोन परवान्यांपैकी दुसरा अधिक मोलाचा होता, हे पुढच्या हकिकतीवरून कळून येईल.

आता तिने एकटीने इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला उडत जाण्याचे ठरवले. ते ऐकून पुष्कळांनी तिला हसण्यावारी नेले. लंडनहून आपल्या गावी हलला जाण्यापलीकडे लांबचा प्रवास तिने विमानाने केलेला नव्हता, आणि येथे तर सुमारे अकरा हजार मैल जायचे होते! विमान घेण्यास पैसे नव्हते. शेवटी वडिलांनी निम्मे दिले, तेलाचे व्यापारी लॉर्ड वेकफील्ड यांनी निम्मे दिले, आणि सहाशे पौंडांना एक वापरलेले मॉथ विमान तिच्या मालकीचे झाले. त्याला शंभर अश्वशक्तीचे ‘जिप्सी’ नावाचे नवे इंजिन होते. वडिलांच्या मासळीच्या धंद्याचे व्यापारचिन्ह होते ‘जेसन’. तेच नाव तिने विमानाला दिले. ग्रीक पुराणात सोनेरी लोकरीच्या शोधात समुद्रपर्यटनास निघालेल्या एका वीराचे हे नाव आहे. अंगावर हिरवा रंग आणि त्यावर रुपेरी अक्षरे, असा जेसनचा थाट होता. पुढच्या प्रवाशाची बैठक काढून तेथे पेट्रोलची जादा टाकी बसवली. त्या टाकीतले पेट्रोल वरच्या टाकीत चढवण्यासाठी उडता उडता हाताने पंप मारीत राहावे लागे. विमानाच्या अंगाशी एक जादा फिरता पंखा बांधून घेतला होता. तो पाहून कोणाला वाटले असेल, एवढे ओझे कशाला? पण ते ओझे व्यर्थ ठरले नाही.

५ मे १९३० रोजी सकाळी क्रॉयडन विमानतळावरून ती निघाली. निरोप द्यायला वडील आणि मोजकी स्नेही मंडळी. पेट्रोलने जड झालेले जेसन पहिल्या खेपेस जमिनीवरून उठलेच नाही. दुसऱ्या खेपेस उठले. बैठक उघडी, डोक्यावर छप्पर नाही, संदेश पाठवण्याचे यंत्र नाही. हाती नकाशा, समोर होकायंत्र आणि ताशी ऐंशी-पंचाऐंशी मैलांचा वेग. पहिला मुक्काम व्हिएन्ना, दुसरा कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचे इस्तंबूल, तिसरा आलेप्पो. मुक्कामी पोचल्यावर इतर प्रवासी विश्रांती घेतात. ॲमीचे दुसरे काम तेव्हा सुरू होई. टाक्या भरायच्या, पेट्रोल गाळून घ्यायचे, तेल बदलायचे, प्लग काढून पुसायचे, झडपा तपासायच्या. तास न् तास या कामात जात आणि पहाटे तर पुन्हा निघायचे असे. तिला झोप किती थोडी मिळत असेल, याचा अंदाज यावरून करावा.

आलेप्पोहून बगदादला जाताना वाळवंटात तिला वादळाने गाठले. समोर काही दिसेना; विमान खालीवर आपटू लागले; तिने अंदाजानेच ते खाली उतरवले. पण संकट येथे संपले नाही. वादळात जमिनीवरचे विमान कागदासारखे उलटू शकते. तिने खाली उडी टाकून जेसनचे तोंड वाऱ्याकडे वळवले, आपले सामान काढून चाकांना अटकाव म्हणून लावले आणि इंजिनात वाळू शिरू नये म्हणून त्याच्यावर कापडाचे आच्छादन ओढून बांधले. मग विमानाच्या शेपटीवर बसून, हाती पिस्तूल घेऊन, ती वादळ ओसरण्याची वाट पाहत राहिली. तिने आधी इंजिन झाकले आणि मग स्वतःकडे पाहिले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

सहाव्या दिवशी, म्हणजे १० मे रोजी, ती कराचीला पोचली. त्यापूर्वी १९२८ साली बर्ट हिंकलर या वैमानिकाने इंग्लंड ते ऑस्ट्रेलिया हे अंतर साडेपंधरा दिवसांत तोडले होते. कराचीपर्यंत ॲमी त्याच्यापेक्षा दोन दिवसांनी पुढे होती. जिला काल कोणी ओळखत नव्हते तिचे नाव एका दिवसात जगभर झाले.

त्याच मे महिन्यात याच जातीची छोटी विमाने घेऊन दोन भारतीय तरुणही याच मार्गाच्या काही भागावर उडत होते. इंग्लंड आणि भारत यांमधील अंतर एकट्याने प्रथम तोडणाऱ्या भारतीयास आगाखान यांनी पारितोषिक जाहीर केले होते. मुंबईचे जे. आर. डी. टाटा कराचीहून इंग्लंडकडे निघाले होते. भारतात दिलेला विमानचालनाचा पहिला परवाना १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांनाच मिळाला होता. सतरा वर्षांचा अस्पी इंजिनियर इंग्लंडहून कराचीकडे येत होता. इजिप्तमधील अबुकीर येथे टाटांना अस्पी अडकून पडलेला आढळला. त्याच्या इंजिनाचा प्लग निकामी झाला होता आणि जवळ जादा प्लग नव्हता. टाटांनी आपल्याजवळचा जादा प्लग काढून प्रतिस्पर्ध्याला दिला. अस्पी काही तासांच्या फरकाने ती शर्यत जिंकला. पुढे तो भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला. बोटाएवढ्या एका वस्तूवर या छोट्या विमानांचे भवितव्य कसे अवलंबून असते, आणि एका मालकाची अडचण दुसऱ्या मालकाला कशी चटकन कळते, ते यावरून दिसते.

कराचीहून ॲमी अलाहाबादकडे निघाली. वारा समोरून वाहत होता, त्यामुळे पेट्रोल भराभर संपू लागले. झाशीजवळ टाकी जवळजवळ रिकामी झाली, तेव्हा तिने तेथील लष्करी छावणीच्या कवायतीच्या मैदानावर विमान उतरवले. मैदान अपुरे पडले. विमान धावत जाऊन बराकींच्या मध्ये अडकले आणि पंखाला इजा झाली. ती इजा तेथेच बुजवून ती अलाहाबादला आणि तेथून कलकत्त्याला गेली.

खरी परीक्षा झाली ती ब्रह्मदेशात. १३ मे रोजी ती रंगूनला निघाली तेव्हा पावसाने जोर धरला होता. शर्यतीच्या मैदानावर उतरावयाचे, असे ठरले होते. पण मुसळधार पावसात तिला ते सापडेना. रंगूनच्या उत्तरेला इन्सीन या गावी एक खेळाचे मैदान दिसले, तेच ते, असे समजून ती उतरली. जेसन धावत गेले आणि मैदानाच्या कडेच्या चरात त्याचे तोंड घुसले. फिरता पंखा मोडला. चाकांचा सांगाडा वाकला. खालचा पंख फाटला आणि आतल्या लाकडी बरगड्या मोडल्या.

ते मैदान तेथील तंत्रशिक्षणाच्या शाळेचे होते, ही दैवाची कृपाच म्हणावयाची. शाळेतले विद्यार्थी आणि शिक्षक धावून आले. मोडलेल्या पंख्याच्या जागी बरोबर आणलेला जादा पंखा आला. लोखंडी काम शाळेच्या कर्मशाळेत झाले. लाकडी बरगड्या नव्या घडवल्या गेल्या. पण पंखावर ताणून बसवायचे कापड? विमानाचे कापड रंगूनच्या बाजारात कोठे मिळणार? तेव्हा कोणाला तरी आठवले की, महायुद्ध संपल्यावर विमानांसाठी विणलेले पुष्कळ कापड शिल्लक राहिले होते आणि ते स्वस्तात विकले गेले होते. त्या कापडाचे सदरे शिवून घेतलेली माणसे गावात होती. ते सदरे गोळा करण्यात आले, उसवण्यात आले, आणि त्यांचे तुकडे जेसनच्या पंखावर शिवण्यात आले. युद्धातल्या विमानासाठी विणलेले कापड माणसांच्या अंगावरून फिरून पुन्हा विमानाच्या अंगावर आले! लावण्याचे लुकणही संपले होते. तेही औषधे बनवणाऱ्यांकडून तयार करून घेतले.

या कामात तीन दिवस गेले आणि हिंकलरचा विक्रम मोडण्याची आशा त्यांबरोबर गेली. ॲमीला याचे दुःख झाले नसेल असे नाही. परंतु हे काम तिने लोकांवर सोपवून दिले नाही. आपल्या विमानाचा कोणता खिळा कोठे बसतो हे तिला ठाऊक होते, म्हणूनच ज्यांनी पूर्वी कधी विमानाला हात लावला नव्हता अशा माणसांकडूनही ती काम करवून घेऊ शकली. १६ मे रोजी ते ठिगळांचे जेसन पुन्हा आकाशात चढले.

पुढचा मार्ग सयामवरून, सिंगापूरवरून आणि जावा बेटावरून होता. जावात उसाच्या एका मळ्याजवळ उतरताना जमिनीत रोवलेल्या बांबूंनी पंखाला भोके पाडली. या वेळी तर सदऱ्यांचीही सोय नव्हती. तिने जखमेवर लावायच्या चिकटपट्ट्या काढल्या आणि त्याच पंखावर लावल्या. तिमोर बेटावरून शेवटचे पाचशे मैल केवळ समुद्रावरून जायचे होते. खाली जमीन नाही, उतरण्यास मैदान नाही, एकच इंजिन. त्या दिवसाच्या प्रत्येक घटकेला इंजिनाच्या आवाजाकडे तिचे कान किती लागले असतील! जिप्सी इंजिन एकदाही अडले नाही. २४ मे १९३० रोजी, निघाल्यापासून विसाव्या दिवशी, ती ऑस्ट्रेलियातील डार्विन येथे उतरली. इंग्लंडहून ऑस्ट्रेलियापर्यंत एकटीने उडत येणारी ती पहिली स्त्री होती.

त्यानंतर जे झाले ते गमतीचे आणि तितकेच बोलके आहे. सत्कारांच्या गर्दीत ती शहराशहरांतून उडत होती. झोप नाही, थकवा भरलेला. ब्रिस्बेनला उतरताना तिचा अंदाज चुकला. जेसन मैदानाबाहेर गेले, कुंपणात घुसले आणि उलटे झाले. वाळवंट, पावसाळा आणि समुद्र यांनी ज्याला रोखले नाही ते विमान हजारो लोकांच्या जयघोषासमोर आडवे पडले. ॲमीला गंभीर दुखापत झाली नाही.

पुढे ॲमीने आणखी लांबलांबची उड्डाणे केली. दुसऱ्या महायुद्धात ती कारखान्यांतून निघालेली विमाने हवाई दलाच्या तळांवर पोचवण्याचे काम करी. हे काम करीत असतानाच ५ जानेवारी १९४१ रोजी टेम्स नदीच्या मुखाशी तिचे विमान पाण्यात पडले आणि तिचा अंत झाला. जेसनची मात्र दुरुस्ती करून ते इंग्लंडला परत आणण्यात आले होते. लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये विमानांच्या दालनात ते टांगलेले आहे. हिरवे अंग, रुपेरी अक्षरे, एकावर एक कापडी पंख. आणि खाली उभे राहून वर पाहणाऱ्या मुलांना पहिला प्रश्न पडतो तो हाच की, एवढेसे विमान एवढ्या दूर गेले तरी कसे?